पोटरी दुखते म्हणून लगेच स्टेंट? माझं मत: आधी तलावपाळीची फेरी

नौपाडेकर
आमच्या सोसायटीतले एक काका, वय ६६. थोडं चाललं की उजवी पोटरी भरून येते, दोन मिनिटं उभं राहिलं की थांबते. डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) मांडीच्या धमनीत ब्लॉक निघाला. त्याच संध्याकाळी 'परवा अँजिओप्लास्टी, पॅकेज खाली काउंटरवर विचारा' असं सांगण्यात आलं, म्हणजे धमनी फुग्याने रुंद करून आत स्टेंट, जाळीची नळी, बसवायची. पायावर जखम नाही, रात्री दुखत नाही. तंबाखू सोडतो म्हणालेत (काकू नुसत्या हसल्या).

माझं मत: अशा पायात घाईने स्टेंट घालू नये. आधी तीन महिने शिस्तीत चालावं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, बरं वाटलं की पुन्हा निघायचं. एका वेळी अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा. जोडीला स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (गुठळी टाळणारी गोळी), शुगर-बीपी ताब्यात. यातल्या बहुतेकांचा पाय जात नाही, खरा धोका हार्ट ॲटॅक आणि पक्षाघाताचा असतो. स्टेंट पायात घालून तो कसा टळणार? २०१२ च्या अमेरिकेतल्या 'क्लेव्हर' अभ्यासात सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर सगळ्यात जास्त सुधारणा झाली ती व्यायामवाल्यांची, स्टेंटवाल्यांची नाही. आणि तलावपाळीची, म्हणजे ठाण्यातल्या तळ्याकाठची, फेरी फुकट आहे.

घोडबंदरचा_प्रवासी
फुकट म्हणे! रविवारी संध्याकाळी तलावपाळीवर धड चालून दाखवा.

'क्लेव्हर'चं अर्धंच सांगितलंत. त्यातला व्यायाम देखरेखीखालचा होता. इथे काकांवर देखरेख कोण ठेवणार, वॉचमन? शिवाय रोजचं जगणं किती सुसह्य झालं हे रुग्णांना विचारलं, तेव्हा स्टेंटवाले पुढे होते. दीड वर्षाने चालण्यातही दोघांत फारसा फरक उरला नाही. आणि ते ब्लॉक ओटीपोटातल्या धमन्यांचे, काकांचा मांडीत. पुरावा दुसऱ्या जागेचा आणि निकाल या जागेचा?

नौपाडेकर
जागेचं म्हणता तर ऐका. ओटीपोटातला स्टेंट चांगला टिकतो. मांडीतली धमनी प्रत्येक पावलाला वाकते, पिळते, तिथला स्टेंट पुन्हा बंद पडण्याचं प्रमाण जास्त. म्हणजे काकांच्या बाबतीत थांबायला उलट जास्तच कारण आहे.

वाशीची_सून
दादा, तुमचं शीर्षक वाचून भीती वाटली. आमच्या सासूबाईंना जुना डायबिटीस. पोटरी कधी दुखलीच नाही, कारण घरातून बाहेर चालणंच नव्हतं आणि तळपाय बधिर. एक दिवस पायाची करंगळी काळी दिसली. घोट्याचं प्रेशर तर नॉर्मल आलं! डायबिटीसमध्ये धमन्या कॅल्शियमने कडक होतात, पट्ट्याने दाबल्या जात नाहीत, म्हणून आकडा फसवा येतो. मग पायाच्या बोटाचं प्रेशर घेतल्यावर खरं कळलं. फुगा घालून रक्त सुरू केलं, करंगळी गेली पण पाऊल राहिलं. त्यांना कुणी 'तीन महिने चाला' म्हटलं असतं तर?

नौपाडेकर
ताई, तो पाय वेगळा. जखम भरत नाही, बोट काळं पडतंय, रात्री पाय पलंगाखाली लोंबकळत ठेवल्याशिवाय झोप नाही, तिथे थांबायचं नाहीच. आणि पाय अचानक गार, पांढरा पडला तर तासांचा हिशेब असतो, सरळ इमर्जन्सी. मी लिहिलं ते फक्त चालताना दुखणाऱ्यांसाठी.

ओटीतला_माणूस
पाय वाचवायचा असतो तेव्हाही सगळे फुग्याच्याच मागे. बायपासचं, म्हणजे स्वतःचीच शीर जोडून ब्लॉकला वळसा घालणाऱ्या ऑपरेशनचं, नाव कुणी काढत नाही, कारण मोठा छेद नको असतो. २०२२ च्या 'बेस्ट-सीएलआय' अभ्यासात ज्यांच्या पायात चांगली सलग शीर मिळाली, त्यांना बायपासचा फायदा जास्त झाला. स्वतःच्या शिरेसारखी नळी कारखान्यात बनत नाही, असं माझं मत.

घोडबंदरचा_प्रवासी
आता तुम्ही अर्धं सांगताय. पुढच्याच वर्षी 'बेसिल-२' अभ्यास आला, गुडघ्याखालच्या धमन्यांचा. त्यात आधी फुगा केलेले सरस ठरले, बायपासवाल्यांत मृत्यू जास्त झाले. सत्तरीतला, हृदय कमजोर असलेला माणूस टेबलावर असेल तर शीर कितीही सुरेख असो, मी फुगाच म्हणेन.

ओटीतला_माणूस
कमजोर हृदयाला मीही फुगाच म्हणेन. पण साठीतला, धडधाकट, चांगली शीर असलेला? त्याची शीर सोनोग्राफीने मोजलीसुद्धा जात नाही, आधीच फुगा घालायला कॅथलॅबमध्ये नेतात. माझं भांडण तिथे आहे.

घोडबंदरचा_प्रवासी
ते मान्य. नौपाडेकर, तीन महिन्यांनी काका तिथेच अडले तर?

नौपाडेकर
तर स्टेंट, आणि फॉर्म भरायला मी जाईन सोबत. पण तोवर तंबाखू सुटलेली असेल. ती चालू ठेवून घातलेला स्टेंट म्हणजे पैसे खाडीत.

वाशीची_सून
चालण्यासाठी सिलोस्टॅझॉल लिहून दिलीय का त्यांना? हार्ट फेल्युअर असेल तर ती चालत नाही. इको (हृदयाची सोनोग्राफी) झालाय?

नौपाडेकर
गोळी दिलीय. इको नाही झालेला. आजच फोन करायला लावतो.