वकिली करता करता राजकारणात आलात? अनुभव लिहा

पुसदचे वकील वसंतराव नाईक १९४६ साली तिथले नगराध्यक्ष झाले आणि १९६३ पासून अकरा वर्षांहून जास्त काळ राज्याचे मुख्यमंत्री होते. विलासराव देशमुख बाभळगावच्या सरपंचपदावरून पुढे आले. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नागपूर महापालिकेत नगरसेवक झाले. तिघेही कायदा शिकलेले. यांच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मला ऐकायचंय ते सकाळी तालुका कोर्टात तारखा आणि संध्याकाळी वॉर्डात फेरी, असे दिवस काढणाऱ्यांकडून. कायद्याचं शिक्षण तिथे खरंच कामाला आलं का?

मराठवाडा, माजी नगरसेवक

आलं, आणि पहिल्याच वर्षी आलं. सर्वसाधारण सभेत ऐनवेळच्या विषयांत बाजारातल्या जागेचा ठराव आणला गेला. मी उभं राहून विरोध केला. इतिवृत्ताची नक्कल हातात आली तेव्हा त्यात 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलेलं! माझ्या विरोधाचा एक शब्द नाही. तिथून पुढे मी तोंडी विरोधावर थांबलो नाही. सभेआधी लेखी हरकत द्यायची, दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यायचा. ही कोर्टातली सवय. त्या ठरावाविरुद्ध नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला आणि ठरावाची अंमलबजावणी थांबली. सभागृहात तासभर भाषण करून जे झालं नसतं, ते त्या अर्जाने झालं. सहकारी नगरसेवक वर्षभर माझ्याशी धड बोलत नव्हते. पण नंतर तेच लोक संध्याकाळी विषयपत्रिका घेऊन माझ्या ऑफिसात यायला लागले, 'वकीलसाहेब, यात काही अडकणार नाही ना?' विचारत.

पश्चिम महाराष्ट्र, जिल्हा परिषद सदस्य

आमचा गट, म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ, महिलांसाठी राखीव निघाला म्हणून मी उभी राहिले. राज्यात ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे, तरी निवडून आल्यावर अधिकाऱ्यांचे फोन माझ्या मिस्टरांना! मी प्रत्येकाला सांगितलं, सदस्य मी आहे, फाईल मला दाखवा. अंदाजपत्रकातल्या लेखाशीर्षांवर प्रश्न विचारायला लागल्यावर ते फोन बंद झाले. नुकसान झालं ते प्रॅक्टिसचं. जमिनीच्या दाव्यातले पक्षकार दुसऱ्या पक्षाचे असले की कागद परत न्यायचे. बांधावरच्या भांडणातही पक्ष बघूनच वकील ठरतो, हे मला फार लागलं.

विदर्भ

मी स्वतः कधी निवडून आलो नाही. पक्षासाठी उमेदवारी अर्जांच्या छाननीचं काम करतो. तिसरं अपत्य १२ सप्टेंबर २००१ नंतरचं आहे का, कराची थकबाकी आहे का, जात पडताळणीचा अर्ज दिल्याची पावती जोडली का, सूचकाचं नाव त्याच प्रभागाच्या यादीत आहे का. शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचं पत्र, पोचवायचा असतो. त्या तासाभरात उमेदवाराचे हात थरथरतात आणि पेन आपल्याला धरावं लागतं. आमच्यासारख्यांना तिकीट मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. नियम पाळून निवडणूक कशी लढायची हे आम्हाला माहीत आहे.

प्रश्न, ज्युनिअर वकिलाचा

निवडून आल्यावर वकिलीची सनद चालू ठेवता येते का?

मराठवाडा, पुन्हा

येते. आमदार-खासदारांना वकिलीची मनाई नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. नगरसेवकाने मात्र स्वतःच्या पालिकेविरुद्ध उभं राहू नये, त्यात पदच जाऊ शकतं. माझ्याकडे मालमत्ता कराची आणि अतिक्रमणाची बरीच प्रकरणं होती. पक्षकारांना बोलावून, दुसरा वकील शोधून देऊन मग वकीलपत्रं सोडली. तुम्हीही अर्ज भरण्याआधी हे उरकून घ्या, निकालानंतर वेळ मिळत नाही.