क्लायमेट मॉडेलमध्ये एल निनो येतो कुठून?

पाऊसवेडा: क्लायमेट मॉडेलमध्ये, म्हणजे हवामानाची नक्कल करणाऱ्या संगणक प्रोग्राममध्ये, एल निनोची (पॅसिफिकचं पाणी तापण्याची) सालं आधीच भरलेली असतात का? तसं असेल तर १९९७ चा एवढा मोठा एल निनो त्यात दिसायलाच हवा ना?

खारेवारे: नाही हो, भरत काहीच नाहीत. पाणी, वारा, उष्णता यांची समीकरणं सोडवत जायचं, मग व्यापारी वारे (विषुववृत्ताजवळ पूर्वेकडून वाहणारे) मंदावले की इंडोनेशियाकडचं गरम पाणी पेरूकडे सरकतं आणि एल निनो आपोआप उभा राहतो, साल मात्र खऱ्याशी जुळत नाही. म्हणून तपासायचं ते त्याचा जोर आणि दोन एल निनोंमधलं अंतर, खऱ्यात साधारण २ ते ७ वर्षं.

दर्यासारंग: बऱ्याच मॉडेलांत पॅसिफिकमधला विषुववृत्तावरचा थंड पाण्याचा पट्टा पश्चिमेला जास्तच लांबतो, हे जुनं दुखणं. त्याने पावसाची जागाही चुकते, हे मला फार गंभीर वाटतं.

पाऊसवेडा: साल जुळत नाही, मग एल निनोचा अंदाज कसा देतात?

खारेवारे: त्यासाठी समुद्राची आत्ताची मोजमापं घालून मॉडेल सुरू करतात.