घरच्या नेटवर्कला '.लोकल' नको
घरातली यंत्रं नावानं उघडता यावीत म्हणून राउटरच्या डीएनएसमध्ये (नावावरून यंत्राचा आयपी पत्ता सांगणारी सोय) '.लोकल'ने (.local) संपणारी नावं टाकायचा सल्ला काहीजण देतात, तो मला अजिबात पटत नाही. '.लोकल' एमडीएनएस या वेगळ्या पद्धतीसाठी राखीव आहे. तिथं यंत्रं नाव थेट एकमेकांना विचारतात, डीएनएस सर्व्हरला नाही. म्हणून एका लॅपटॉपवर नाव उघडतं, दुसऱ्यावर अडतं. घरासाठी 'होम.आर्पा' (home.arpa) २०१८ पासून राखून ठेवलंय, तेच घ्या.

सांगलीत विश्रामबागला आमच्या घरी पाय-होलमध्ये (हाच आमचा घरचा डीएनएस सर्व्हर) 'प्रिंटर.होम.आर्पा'समोर १९२.१६८.१.२० लिहिलंय, आणि राउटरच्या डीएचसीपीत (यंत्रांना आयपी पत्ते वाटणारी सोय) तो आयपी प्रिंटरला बांधून टाकलाय. हे बांधणं विसरू नका. नाहीतर लाइट जाऊन आली की पत्ता बदलू शकतो आणि नाव भलत्याच यंत्राकडे जातं.

अँड्रॉइडच्या 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये बाहेरच्या सर्व्हरचं नाव भरलं असेल तर तेही काढा, नाहीतर फोन पाय-होलला विचारतच नाही.