गृहकर्ज आधी फेडावे की संसाराची इतर उद्दिष्टे साधावीत? कोल्हापूरच्या जोडप्यांचे अनुभव

या अनुभवांसाठी निमंत्रण देताना प्रश्न मुद्दाम अरुंद ठेवला होता. पती-पत्नी दोघांच्या मिळकतीतून गृहकर्जाचा हप्ता गेल्यानंतर जी रक्कम उरते, ती कर्जाच्या मुद्दलात आगाऊ भरायची की मुलांचे शिक्षण, शेतीतील पाइपलाइन, थांबलेली पदवी किंवा म्हातारपण यांसाठी बाजूला ठेवायची, हे तुमच्या घरात कसे ठरले एवढेच लिहावे, अशी विनंती होती. कोणता म्युच्युअल फंड चांगला, हा विषय येथे नको असेही कळवले होते. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर बँकांना मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क आकारता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 2012 पासून लागू आहे. त्यामुळे आगाऊ भरण्याला दंडाची आडकाठी नाही आणि आधी काय, नंतर काय, हे ठरवण्याची सगळी जबाबदारी घरावरच येते.

राजारामपुरी, दोघेही शिक्षक

आम्ही निर्णय कागदावर गणित मांडूनच घेतला, म्हणून आकड्यांनीच सांगतो. 30 लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के दर आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर हप्ता सुमारे 26,035 रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील 21,250 रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटते ते जेमतेम 4,785 रुपये. दहा वर्षे एकही हप्ता न चुकवता भरले, म्हणजे निम्मी मुदत संपली, तरी 21 लाखांच्या आसपास मुद्दल शिल्लकच असते. हे कोष्टक पाहिले तेव्हा सुरुवातीच्या वर्षांतील जादा रकमेचे वजन आमच्या लक्षात आले. याच कर्जात पहिल्याच वर्षी एक लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे एकोणीस-वीस हप्ते कमी होतात. तेच एक लाख दहाव्या वर्षी भरले, तर आठ-नऊच कमी होतात.

त्यावरून आम्ही वयाचा हिशेब लावला. मुलगी लहान होती, तिचा मोठा खर्च दूर होता. म्हणून पहिल्या सहा-सात वर्षांत वेतन आयोगाच्या फरकातून जे हाती आले ते आणि वार्षिक वेतनवाढीतून जे उरले ते, बहुतेक सगळे मुद्दलात भरले. ती माध्यमिक शाळेत गेल्यावर कर्जात जादा भरणे पूर्ण थांबवले. अपवाद फक्त सुकन्या समृद्धी खात्याचा. ते आम्ही कधीच थांबवले नाही. त्यावरील व्याज 2024 पासून 8.2 टक्के असून करमुक्त आहे आणि ते कर्जाच्या दराच्या इतके जवळ आहे, की ते बंद करून कर्जात भरण्याला गणिती कारण उरत नाही. शिवाय मुलीच्या वयाच्या अठराव्या वर्षानंतर शिक्षणासाठी त्यातील निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते, आणि आम्हाला पैसा नेमका तेव्हाच लागणार आहे.

एक मुद्दा अनेक सहकारी विसरतात. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट प्रत्येक सहमालक-सहकर्जदाराला स्वतंत्रपणे मिळत असे, त्यामुळे कर्ज प्रत्यक्षात स्वस्त पडत होते. नवीन करप्रणालीत राहत्या घरासाठी ती सवलत नाही. प्रणाली बदलली की कर्जाचा दर पूर्णच्या पूर्ण अंगावर येतो आणि आगाऊ परतफेडीची बाजू तितकी जड होते.

गुजरी, चांदीचे कारागीर व गृहिणी

आमच्याकडे पगार नाही, मजुरी आहे. ती लग्नसराईत भरपूर मिळते आणि इतर महिन्यांत हात आखडता घ्यावा लागतो. भिशी उचलली की ती सरळ कर्जात भरायची, असा नेम पत्नीनेच घातला, कारण घरात राहिलेला पैसा पाहुण्यारावळ्यांत जातो हे तिला ठाऊक होते. भिशीला कायद्याचे संरक्षण नाही हे मान्य आहे, म्हणून ओळखीच्या आणि मोजक्या माणसांच्या भिशीपलीकडे आम्ही जात नाही.

कळंबा, बँकेत लिपिक व शेती पाहणारी पत्नी

वरील शिक्षक दांपत्याचे गणित बरोबर आहे, मात्र ते दरमहा सारखा पगार येणाऱ्या घराचे आहे. माझा पगार हप्त्यात आणि घरखर्चात संपतो. जादा म्हणावा असा पैसा येतो तो कागल तालुक्यातील आमच्या उसातून आणि गोठ्यातून, आणि तोही एकरकमी. कारखान्याला ऊस पोचवल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यावे असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते नेमके कधी जमा होईल यावर मात्र घरात कोणी पैज लावत नाही. दुधाचा दरफरक दिवाळीच्या तोंडावर मिळतो. या दोन रकमांचे काय करायचे, यावर आमच्यात लग्नानंतर बरीच वर्षे वाद होत असे. माझे म्हणणे, कर्जात भरूया. पत्नीचे म्हणणे, विहिरीवरून वरच्या तुकड्यापर्यंत पाइपलाइन आधी.

वाद मिटला तो क्रम लिहून ठेवल्यावर. सगळ्यात आधी सेवा सोसायटीचे पीककर्ज. केंद्र आणि राज्य या दोघांच्या व्याज सवलतीमुळे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर शून्य टक्क्याने पडते. मुदत चुकली की ती सवलत जाते. गृहकर्जावरील साडेआठ टक्के वाचवण्याच्या नादात हे शून्य टक्क्यांचे कर्ज थकवणारे शेजारी आहेत, आणि त्यांचा हिशेब मला बँकेत नोकरी करूनही समजत नाही. त्यानंतर पुढच्या हंगामाचे खत, बियाणे आणि मशागत. तिसऱ्या क्रमांकावर पाइपलाइन, कारण तिच्यामुळे वरच्या तुकड्यात ऊस उभा राहिला आणि उत्पन्न वाढले. म्हणजे पत्नीचा आग्रह रास्त होता. एवढे करून उरेल ते गृहकर्जात. ज्या वर्षी काहीच उरत नाही, त्या वर्षी कर्जात काहीही जादा भरायचे नाही आणि त्यावर चर्चाही करायची नाही, हेसुद्धा त्या कागदावर लिहिलेले आहे.

(येथे एक नोंद करणे आवश्यक वाटते. आलेल्या लेखनात क्रम लिहून काढल्याचा उल्लेख अनेकांनी केला आहे, आणि ज्यांनी तो केला त्यांच्या लेखनात भांडणाचे प्रसंग कमी आहेत. हा योगायोग नसावा.)

शाहूपुरी, किराणा दुकानदार व अंगणवाडी सेविका

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी आमच्या तळमजल्यावर आले आणि 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा आले. पुराच्या आधीच्या वर्षांत आम्ही कर्जात बऱ्यापैकी आगाऊ रक्कम भरली होती. लोकांना वाटते की आगाऊ भरले म्हणजे अडचणीच्या महिन्यात हप्ता माफ होईल. तसे होत नाही. मुद्दल कमी झालेले असते, मुदतही कमी झालेली असते, परंतु पुढच्या महिन्याचा हप्ता ठरल्या तारखेला द्यावाच लागतो. भरलेली रक्कम परत हवी असेल तर नव्याने वाढीव कर्जाचा अर्ज करावा लागतो, आणि दुकान पाण्यात असताना उत्पन्नाचा पुरावा कुठून आणायचा?

पहिल्या पुरातून आम्ही निभावलो ते पत्नीच्या नावावरील पोस्टातील ठेवीमुळे. त्यानंतर आम्ही गृहकर्ज ओव्हरड्राफ्ट स्वरूपाच्या खात्यात बदलून घेतले. त्यात जादा रक्कम ठेवली की तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि गरज पडल्यास ती काढता येते. दर किंचित अधिक आहे. नदीपासून दूर, उंचावर राहणाऱ्या माणसाला तो अधिकचा दर जड वाटेल. आम्हाला वाटत नाही.

उचगाव, गोकुळ शिरगाव येथील फाउंड्रीत पर्यवेक्षक व शिवणकाम करणारी पत्नी

थोडक्यात लिहितो. 2022 च्या मे महिन्यापासून रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, चार टक्क्यांवरून वाढत 2023 च्या फेब्रुवारीत साडेसहा टक्क्यांवर गेला. आमचा हप्ता तेवढाच राहिला. वाढली ती मुदत, आणि ते आम्हाला खात्याचा उतारा काढल्यावर कळले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये बँकांना सांगितले की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हा पर्याय कर्जदाराला द्यावा. आम्ही हप्ता वाढवून घेतला. 2025 मध्ये दर उतरू लागले, तेव्हा हप्ता कमी न करता तोच चालू ठेवण्याचा अर्ज दिला, त्यामुळे वेगळी रक्कम न काढता आगाऊ परतफेड आपोआप होत राहिली. शिवणकामाचे पैसे मात्र कर्जाला अजिबात लावत नाही. फाउंड्रीत ऑर्डर घटली की ओव्हरटाइम सर्वांत आधी जातो, आणि अशा वेळी सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असले की घरात आवाज चढत नाहीत.

ताराबाई पार्क, फिजिओथेरपिस्ट. पती खासगी कंपनीत

सर्वांनी "आम्ही" असे लिहिले आहे, म्हणून त्या "आम्ही"च्या आत डोकावणारा हा अनुभव. सासरी कर्जाविषयी फार धास्ती. "डोईवर कर्ज घेऊन कसली हौसमौज" हे आत्याबाईंचे वाक्य दर सणाला ऐकू येते. त्या धास्तीपोटी लग्नानंतरची काही वर्षे माझी संपूर्ण कमाई कर्जाच्या आगाऊ परतफेडीत गेली, तर यांच्या पगारातून हप्ता, भविष्य निर्वाह निधी आणि विमा. घर लवकर मोकळे होत होते, यात शंका नाही. पण बाळंतपणात क्लिनिक बंद ठेवावे लागले तेव्हा माझ्या नावावर काहीच साठलेले नव्हते, आणि यांच्या निधीत मात्र दरमहा भर पडत होती. कोणाचा हेतू वाईट नव्हता. व्यवस्थाच तशी लागली होती.

आता हप्ता आम्ही मिळकतीच्या प्रमाणात वाटून घेतो. आगाऊ रक्कम भरायची ती दोघांनी मिळून आणि दोघांच्या निवृत्तीची वर्षाची रक्कम भरून झाल्यावरच. माझे स्वतंत्र पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खाते आहे, त्यावरील व्याजाचे 7.1 टक्के हे गृहकर्जाच्या दरापेक्षा कमी आहेत हे मला ठाऊक आहे, आणि तो फरक मी जाणूनबुजून सोसते. घर घेतानाही असाच प्रश्न आला होता. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2021 पासून केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, पण नावावर पुरुष सहमालक आला की ती मिळत नाही. दोघांच्या पैशांतून होणारे घर दोघांच्या नावावर असावे, म्हणून आम्ही ती सवलत सोडली. धाकट्या नणंदेला मात्र ती घ्यायला लावली, कारण तिच्या बाबतीत पैसा तिचा एकटीचा होता.

रुईकर कॉलनी, निवृत्त दांपत्य

आमचे कर्ज मुदतीच्या चार-पाच वर्षे आधी फिटले. मुलाचे अभियांत्रिकीचे शिक्षण आणि कर्ज एकाच काळात आले होते. शिक्षणाची तारीख आमच्या हातात नव्हती, कर्जाची होती, म्हणून त्या चार वर्षांत कर्जाला फक्त हप्ता दिला आणि मुलगा नोकरीला लागल्यावर उरलेले मुद्दल फेडले.

तरुण जोडप्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. कर्ज पूर्ण फेडल्यावर बँकेने तीस दिवसांत मूळ कागदपत्रे परत केली पाहिजेत आणि तारणाची नोंद काढून टाकली पाहिजे. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवशी 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. डिसेंबर 2023 पासून हा नियम लागू आहे. खरेदीखत आणि आधीच्या मालकाची साखळीतील कागदपत्रे यादीशी ताडून घ्यावीत, बेबाकी दाखला घ्यावा आणि मिळकत पत्रिकेवर बोजाची नोंद असेल तर ती कमी करण्याचा अर्ज सिटी सर्व्हे कार्यालयात लगेच द्यावा. आम्ही दोघे मिळून गेलो होतो, कारण सह्या दोघांच्या लागतात. एकाने जाऊन भागत नाही.