बुल ट्राउट: घरटी मोजत बसायचं की जाळी टाकायची?

मिसूलाकर

मोंटाना राज्यात फ्लॅटहेड नदीच्या पाणलोटात १९८० च्या आसपासपासून दर सप्टेंबर-ऑक्टोबरला एक काम चालतं. बुल ट्राउट या तिथल्या मूळ माशाची मादी फ्लॅटहेड तळ्यातून वर येऊन ओढ्यातल्या खडीत अंडी घालते, ती घरटी मोजायची. बिग, कोल, व्हेल, ट्रेल अशा ठरलेल्या ओढ्यांत माणसं पायी फिरतात आणि आकडे आलेखावर चढतात.

नव्वदच्या दशकात हा आलेख कोसळला. कारणही कळलं. बाहेरून आणलेला लेक ट्राउट फ्लॅटहेड तळ्यात १९०५ पासून होता, पण आवाक्यात होता. मग माशांना खाणं म्हणून वरच्या तळ्यांत मायसिस हा कोळंबीसारखा बारीक जीव सोडला गेला. तो वाहत १९८१ च्या सुमारास खाली पोचला. तळाशी राहणाऱ्या लेक ट्राउटच्या पिल्लांची चंगळ झाली, त्यांची संख्या भरमसाट वाढली आणि बुल ट्राउटवर गदा आली. १९९९ मध्ये अलास्का सोडून अमेरिकेत सगळीकडे बुल ट्राउट 'धोक्यातील' यादीत गेला.

रोग कळला, कारण कळलं. तरी मोजणी चालूच! माझं मत: हा पैसा आणि ही माणसं लेक ट्राउट काढायच्या जाळ्यांकडे वळवा.

तिरकस

पूर्ण असहमत. जाळं काय मासा ओळखून धरतं? लेक ट्राउटसाठी टाकलेल्या जाळ्यात बुल ट्राउटही अडकतो आणि मरतो. असे किती मेले तर चालतील, हे वरच्या ओढ्यांतली वीण माहीत असल्याशिवाय कोण ठरवणार?

दुसरं, हंग्री हॉर्स धरण. १९५३ मध्ये ते फ्लॅटहेड नदीच्या दक्षिण फाट्यावर उभं राहिलं आणि तळ्यातून वर जाणाऱ्या माशांची वाट बंद झाली. पण लेक ट्राउटलाही तिथून वर जाता येईना. आज धरणाच्या वरचे बुल ट्राउट बऱ्या स्थितीत आहेत, इतके की तिथे मर्यादित मासेमारीला परवानगी आहे. (धरणाची बाजू घ्यायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं.) दोन्हीकडे मोजणी होत होती म्हणूनच हा फरक छातीठोकपणे सांगता येतो.

ओहोळ

मोजणी म्हणजे काय असते ते आधी बघा. मी मोजणाऱ्यांच्या मागून एका ओढ्यातून चाललोय. तळाचे गोटे शेवाळाने तपकिरी झालेले, त्यात मधेच एक धुतल्यासारखा उजळ पट्टा. वरच्या अंगाला खळगा, खालच्या अंगाला खडीचा उंचवटा. मादी शेपटीने खडी उपसते, अंडी टाकते आणि वरून खडी लोटते. इथवर सोपं. पुढच्या वळणावर तीन उजळ पट्टे एकमेकांत मिसळलेले. एकजण म्हणाला दोन घरटी, दुसरी म्हणाली तीन, तिसरा म्हणाला एकच, बाकी नुसती उकराउकर. त्यात ब्रुक ट्राउट हा दुसरा उपरा त्याच मोसमात खडी उकरतो, त्याची घरटी जरा लहान.

एकाच ओढ्यात वेगवेगळ्या माणसांना पाठवून २००१ मध्ये तपासणी छापून आली होती. कुणाचा आकडा खऱ्याच्या निम्म्याहूनही कमी, कुणाचा दुपटीहून जास्त. तेव्हा एका वर्षाची उडी बघून नाचू नये आणि रडूही नये. मोजणी बंद करा असं मात्र मी म्हणत नाहीये.

मुळामुठा

मग ईडीएनए, म्हणजे पाण्यात सुटलेला डीएनए, आहे ना! दर किलोमीटरला पाच लिटर पाणी गाळायचं. माशाच्या अंगावरची बुळबुळ, विष्ठा यांतला डीएनए गाळणीवर येतो. अमेरिकेच्या वनखात्याच्या मिसूलातल्या प्रयोगशाळेने असे नमुने बुल ट्राउटच्या मुलखात ठिकठिकाणाहून तपासलेत. मासा धरायला नको, घरट्यावरून वाद नको.

तिरकस

@मुळामुठा, मासा आहे की नाही हे त्यातून कळतं. शंभर आहेत की पाच, विणीला आलेत की नुसते भटकत आलेत, हे नाही कळत. नवा ओढा शोधायला उत्तम, घसरण ओळखायला लंगडं.

खडूस

आपल्याकडचं उदाहरण देतो. लोणावळ्यात पैदास केलेल्या निळ्या परांच्या महसीरची पिल्लं कावेरीत सोडली गेली. गळवाल्यांच्या नोंदींत महसीर भरपूर, सगळे खूश. पुढे जातवार नोंदी तपासल्या तर कावेरीचा मूळचा कुबडवाला महसीर जवळजवळ गायब! २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. तेव्हा मोजा, पण कोण मोजतोय त्यापेक्षा काय मोजतोय ते बघा.

मिसूलाकर

महसीरचा मुद्दा चोख. पण तिथे मोजणी चुकीची होती, इथे बरोबर असूनही तिच्यावर कृती किती उशिरा झाली बघा. माझी मागणी थोडी नेमकी करतो: ठरलेले ओढे दरवर्षीऐवजी तीन वर्षांनी मोजा, वाचलेले हात जाळ्यांवर लावा.

ओहोळ

तीन वर्षांनी नको. हा मासा वयात यायलाच पाच-सात वर्षं घेतो आणि मोठ्या माद्या दरवर्षी वर येतीलच असं नाही. पाणी साधारण ९ अंशांखाली उतरल्यावर वीण सुरू होते. नेमक्या मोजणीच्या वर्षी शरद ऋतू उबदार गेला किंवा पूर आला, तर सहा वर्षांत एकच धड आकडा हाती राहील. त्यापेक्षा माणसं तीच ठेवा, त्यांना दरवर्षी एकत्र सराव द्या. खर्च फारसा नाही.

तिरकस

+१. आणि मिसूलाकर, जाळ्यांसाठी पैसे मागायला सभेत उभे राहाल तेव्हा पडद्यावर काय दाखवणार?

मिसूलाकर

तोच आलेख दाखवीन की. पण तो पन्नाशीचा होईपर्यंत थांबणार नाही.