क्रॉसबोचा आवाज कमी कसा करावा? (हरणाची शिकार, ओहायो)

बंड्या_ओहायो

नमस्कार मंडळी. आमच्याकडे सप्टेंबरअखेर धनुष्यबाणाचा सीझन सुरू होतो. हातात जेमतेम तीन आठवडे आहेत, म्हणून हा धागा.

क्रॉसबो (बंदुकीसारखा ट्रिगर असलेलं आडवं धनुष्य) कंपाउंड आहे, म्हणजे टोकांना कॅमची चाकं असलेला. गेल्या वर्षी सेकंडहँड घेतला. त्याचा बाण, म्हणजे बोल्ट, ४०० ग्रेनचा (साधारण २६ ग्रॅम). वेग ३५० फूट प्रति सेकंदाच्या आसपास. बंदूक का नाही, हे कुणीतरी विचारणारच. मी व्हिसावर आहे. शिकारीचा परवाना असला की बंदुकीच्या फेडरल कायद्यात सूट मिळते हे ठाऊक आहे, पण त्या भानगडीतच पडायचं नव्हतं. क्रॉसबोला तो कायदा बंदूक धरत नाही. हंटर एज्युकेशनचा कोर्स, लायसन्स, डिअर परमिट, शेतमालकाची लेखी परवानगी, सगळं झालंय.

आता दुखणं. गेल्या नोव्हेंबरात पहाटे साडेपाचपासून मचाणावर बसलो होतो. सातच्या सुमारास एक मादी आली. ३५ यार्ड, आडवी उभी, पण मान ताठ आणि दोन्ही कान माझ्याकडे. ट्रिगर दाबला. आवाजासरशी ती उठाबशा काढल्यासारखी खाली बसली आणि बोल्ट पाठीवरून गेला. पाचोळ्यात सापडला तेव्हा कोरडा ठणठणीत, एक केससुद्धा नाही. जखमी होऊन गेली नाही एवढंच समाधान.

माझा क्रॉसबो आधी 'धाड' वाजतो आणि मागून एक 'खर्र' येतं. स्ट्रिंग सायलेन्सर (दोरीला बांधायचे रबरी झुपके) घेऊ, लिम्बचे (धनुष्याच्या दोन हातांचे) रबरी डॅम्पनर घेऊ, स्ट्रिंग स्टॉप (सुटलेली दोरी अडवणारा) घेऊ, की बोल्टच जड घेऊ? बजेट १०० डॉलर. हे बजेट मी ठरवलेलं नाही, घरून मंजूर झालंय.

मचाणकर

बंड्या, पैसे आधी खिशातच ठेव. 'खर्र' येतंय म्हणजे काहीतरी सैल आहे, आणि सैल वस्तूवर सायलेन्सरचा काही उपयोग नाही.

क्रॉसबो न ताणता टेबलावर ठेव. स्क्रू ड्रायव्हरच्या रबरी मुठीने एकेका भागावर हलकेच टिचक्या मार आणि कान जवळ ने. मडकं घेताना वाजवून बघतो ना, तसं. घट्ट भाग 'टक' म्हणतो, सैल भाग कुरकुरतो. पहिला संशयित भाता, म्हणजे क्विव्हर आणि त्याचा ब्रॅकेट. मग स्कोपच्या रिंगा, पुढचा स्टिरप (ताणताना पाय घालायची कडी), स्लिंगच्या कड्या. सेकंडहँड आहे तर स्कोपच्या रिंगा हमखास बघ. निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) आणून स्क्रूला एकेक थेंब लाव. लाल आणू नकोस, पुन्हा उघडताना रडशील. आणि लिम्ब पकडणारे मोठे स्क्रू स्वतःच्या मनाने पिळू नकोस, त्यांचा टॉर्क मॅन्युअलमध्ये दिलेला असतो तेवढाच.

भाता तर शिकारीच्या वेळी काढूनच ठेव. मचाणावर चढलास की उतरवायचा आणि फांदीला अडकवायचा. माझा अर्धा खडखडाट तिथेच गेला, फुकटात.

एक गोष्ट मात्र कधीच करू नकोस. आवाज ऐकायला म्हणून बोल्ट न लावता क्रॉसबो सोडायचा नाही. माझ्या एका मित्राचा बोल्ट मागे नीट बसलेला नव्हता, नॉक (बोल्टचं मागचं टोक) आणि दोरी यांच्यात फट राहिली होती, म्हणजे बोल्ट न लावल्यासारखंच. सोडल्यावर लिम्बला उभी चीर गेली, दोरी तुटून कॅमवरून उतरली. हाताला काही झालं नाही हे नशीब. नॉकही कंपनीने सांगितलेल्या प्रकारचाच वापर, अर्धचंद्र म्हटलंय तिथे सपाट चालत नाही.

जवारी

मी शिकारी नाही, तंबोरा लावतो. पण दोरीचं गणित तेच असावं. तंबोऱ्यात घोडीवर दोरा सरकवून तारेला बोलकं करतात. तुम्हाला नेमकं उलटं हवंय, बोट ठेवून तार मुकी करायची आहे. बोट टोकाशी ठेवलं तर तार गातच राहते, थोडं आत ठेवलं की गप्प. त्या सायलेन्सरचंही जागेवरच अवलंबून असेल ना?

मचाणकर

जवारीबुवा, बरोबर बोललात. फक्त क्रॉसबोत जागा फार थोडी मिळते. दोरी ताणलेली नसताना रबराचे झुपके कॅमच्या खाचेपासून दूर हवेत आणि मधल्या रेलवरही (बोल्ट सरकतो त्या पट्टीवर) घासता कामा नयेत. मी पहिल्यांदा कॅमला अगदी लागून बांधले होते. तिसऱ्या बोल्टला एक झुपका खाचेत चिरडून तुकडे तुकडे होऊन उडाला. केबलवर तर काहीच बांधायचं नाही.

आणि दोरीला मेण. महिन्याकाठी बोटाने चोळून, गरम होईपर्यंत. मधल्या गुंडाळीला, म्हणजे सर्व्हिंगला मेण नको. तिथे आणि रेलवर रेल ल्यूब, एक-दोन थेंब. कोरडी दोरी जास्त वाजते आणि लवकर मरते.

विसूभाऊ

आकडे मांडतो, कारण इथे सगळे आवाज 'बंद' करायच्या मागे आहेत.

थंडीत आवाज सेकंदाला साधारण १,१०० फूट जातो. बंड्याचा बोल्ट ३५०. ३० यार्ड म्हणजे ९० फूट: आवाज ०.०८ सेकंदात पोचतो, बोल्ट ०.२६ सेकंदात. हरणाला मिळाले ०.१७–०.१८ सेकंद. ते खाली 'बसतं' म्हणजे पळण्यासाठी पाय दुमडून स्प्रिंग दाबतं. पाय दुमडले तरी गुरुत्वाकर्षणापेक्षा वेगाने शरीर खाली जात नाही. हरणाला दचकायला शून्य वेळ लागतो असं धरलं, म्हणजे वाईटात वाईट, तर बोल्ट पोचेपर्यंत ते इतकं खाली जातं:

२० यार्डांवर सुमारे ७ सेंटिमीटर
३० यार्डांवर १५
४० यार्डांवर २७

हृदय-फुप्फुसाचा पट्टा वीस-पंचवीस सेंटिमीटर उंच. म्हणजे २० यार्डांवर ते पूर्ण दचकलं तरी तुमचा नेम फुकट जात नाही. ४० वर जातो. तुझी ३५ वरची मादी पुस्तकातलं उदाहरण आहे.

आता जड बोल्ट. ५०० ग्रेनचा घेतलास तर धनुष्याची ऊर्जा बोल्टमध्ये जास्त जाते, दोरी-लिम्बमध्ये कमी उरते, म्हणून आवाज खरंच कमी होतो. पण वेग ३२० च्या आसपास येईल. ३० यार्डांवर १५ चे १९ सेंटिमीटर झाले. आवाज घटवलास आणि हरणाला वेळ वाढवून दिलास. हिशोब जमतोय का?

सरिता_विस्कॉन्सिन

विसूभाऊ, हिशोब बरोबर, पण तुमचं हरीण कागदावरचं आहे हो. खरं हरीण प्रत्येक आवाजाला दचकत नाही. ते कोणत्या आवाजाला आणि कोणत्या मनःस्थितीत दचकतं, यावर सगळं आहे.

पांढऱ्या शेपटीच्या हरणाला सगळ्यात बारीक ऐकू येतं ते ४ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. जाड 'धप्प' याच्या खूप खाली असतो. धातूची खणखण, स्क्रूची कुरकुर, सेफ्टीची (ट्रिगर अडवून ठेवणाऱ्या खटक्याची) 'टिक', सगळं त्या पट्ट्यात. त्यामुळे जड बोल्टने 'धाड'चं 'धप्प' होत असेल तर तो सौदा मी २० यार्डांवर करीन. तुमच्याच सूत्राने तिथे ७ चे फार तर ९ सेंटिमीटर होतील. ३५ वर नाही करणार, पण मी ३५ वर सोडतच नाही.

बंड्या, तुझ्या पोस्टमधलं खरं वाक्य 'मान ताठ आणि कान माझ्याकडे' हे आहे. तिथे क्रॉसबो कितीही गुपचूप असता तरी ती बसलीच असती. मान खाली घालून चरणारी, शेपूट सहज हलवणारी मादी हवी. बरेच जण चालतं हरीण थांबवायला तोंडाने 'मॅऽ' करतात. थांबतं खरं, पण तुमच्याकडे बघत थांबतं! जवळ असेल तर ठीक, लांब असेल तर सोडून दे.

नेम शरीराच्या खालच्या तिसऱ्या भागात धर. नाही बसली तर हृदय, बसली तर फुप्फुस.

सेफ्टीचं सांगायचं राहिलं. अंगठा आणि तर्जनी दोन्हींनी धरून हळू सरकव, नुसतं ढकलायचं नाही. थंड सकाळी ती 'टिक' मला स्वतःला बंदुकीसारखी वाटते.

पुणेरी_पाहुणा

हरणाची शिकार आणि त्यावर सल्ले? आपल्याकडे यासाठी तुरुंगात जातात. वाईट वाटलं वाचून.

सरिता_विस्कॉन्सिन

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे आणि ती हवीच. चितळ-सांबराला वाघ आहे, बिबट्या आहे, आणि जंगल उरलंय किती. इकडच्या शेतांच्या पट्ट्यांत लांडगे शंभर वर्षांपूर्वीच संपले. हरणं मक्यात आणि हायवेवर येतात. परमिट किती द्यायचे ते राज्य ठरवतं. तुम्हाला नकोसं वाटणं मी समजू शकते, पण या धाग्याचा विषय जनावर तडफडू नये हाच आहे.

बंड्या_ओहायो

धन्यवाद सगळ्यांना. शनिवार घालवला.

मचाणकर काका, टिचकी मारली आणि चोर सापडला. स्कोपची मागची रिंग! नखाने स्क्रू फिरत होता. भात्याचा ब्रॅकेटही थोडा कुरकुरत होता. स्टिरपला हॉकी स्टिकची कापडी टेप गुंडाळली, कारण तो मचाणाच्या लोखंडाला लागला की घंटा वाजायची.

मग मागच्या अंगणात २० यार्डांवर टार्गेट ठेवलं आणि फोन त्याच्या दहा फूट बाजूला, झाडाच्या बुंध्याआड, रेकॉर्डिंग चालू करून. म्हणजे हरणाच्या कानाने ऐकायचं. काही न बदलता तीन बोल्ट, मग एकेक बदल करून तीन-तीन.

स्क्रू घट्ट केल्यावर 'खर्र' जवळजवळ गेलं. भाता काढल्यावर उरलेलंही. इथपर्यंत खर्च सात डॉलर. झुपके बांधले, थोडा फरक. शेवटी ५०० ग्रेनचे बोल्ट. हा फरक बायकोलाही ऐकू आला, ती आतून म्हणाली, "झालं का संपवून?" मी म्हटलं, अगं आत्ताच तर सोडला.

स्कोप मात्र नव्याने लावावा लागला. जड बोल्ट ३० यार्डांवर बराच खाली लागतो.

एक गंमत. कोऱ्या प्रॅक्टिस टोकाने काही नव्हतं, पण माझ्या भोकं असलेल्या ब्रॉडहेडने (शिकारीच्या पात्यांच्या टोकाने) उडताना शीळ ऐकू येते. रेकॉर्डिंगमध्ये बोल्ट लागायच्या आधी बारीक 'स्सी'.

मचाणकर

भोकांचीच शीळ. भोकं नसलेल्या पात्यांचं घे. बघ, सगळे धनुष्याला गप्प करत बसतात आणि बाण शिट्टी वाजवत जातो.

विसूभाऊ

फोनचा माइक मोठ्या आवाजाला सपाट होतो, त्यामुळे डेसिबलवर विश्वास नको. पण एकाच जागी, एकाच सेटिंगवर तुलना म्हणून छान. ३० यार्डांच्या पुढे जायचं नाही हे लिहून घे.

बंड्या_ओहायो

ऑक्टोबरचा शेवट, अपडेट.

२२ यार्ड. दोन माद्या, मागची ओकची फळं खात होती. सेफ्टी दोन बोटांनी सरकवली, खाली मान तशीच. नेम खालच्या तिसऱ्या भागात. आवाजाला ती हलली नाही असं नाही, थोडी दबली, तीनेक बोटं असेल. बोल्ट दोन्ही फुप्फुसांतून आरपार. साठ पावलं गेली आणि पडली. पुढची मादी चार उड्या मारून थांबली आणि मागे वळून बघत राहिली. तिला नेमकं काय झालं ते कळलं नव्हतं.

अर्धा तास थांबून उतरलो. हात थरथरत होते, ते लिहायला लाज नाही.

आता फ्रीजर भरलाय आणि दुसरा प्रश्न आहे. पहिल्या वेळी सुकं केलं, चामडं झालं.

सरिता_विस्कॉन्सिन

अभिनंदन! चरबीच नसते रे त्यात. मांडीचं मटण रात्रभर दह्यात आणि आल्या-लसणात ठेव, मग रस्साच कर, मंद आचेवर. कांदा-लसूण मसाला साताऱ्याचा असेल तर उत्तम. उरलेल्याचा खिमा, त्यात थोडी बोकडाची चरबी घाल.

मचाणकर

आणि पाठीच्या पट्ट्या रश्शात घालू नकोस, पाप लागेल. तव्यावर तूप, दोन-दोन मिनिटं, मीठ-मिरी. बस्स.