नऊ सामने जिंकूनही नारळ: नेब्रास्काचे कोच आणि आपले अनुभव

२००३ च्या थँक्सगिव्हिंगला मी नेब्रास्का राज्यातल्या लिंकनमध्ये एकटाच होतो. रूममेट शिकागोला बहिणीकडे गेलेला, बाहेर कडाक्याची थंडी. शनिवारी रात्री मॅगी ढवळता ढवळता टीव्हीकडे बघितलं तर खाली पट्टी सरकत होती: नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कोच फ्रँक सोलिच यांना काढलं. मला वाटलं आपलंच इंग्रजी कच्चं, वाचण्यात चूक झाली. कारण आदल्याच दिवशी संघाने कोलोराडोला त्यांच्या घरी जाऊन हरवलं होतं. त्या मोसमात १२ पैकी ९ सामने जिंकलेले. आमच्या डिपार्टमेंटमध्ये १२ पैकी ९ मार्क म्हणजे पेढे वाटायची वेळ.

सोमवारी लॅबमध्ये कामच झालं नाही. एरवी 'हाय' म्हणून पुढे जाणारा आमचा टेक्निशियन अर्धा तास बोलत होता. तेव्हा मला या गावाचं गणित उमगलं. बॉब डेव्हेनी १९६२ ला आले, त्यांच्यानंतर टॉम ऑस्बोर्न. दोघांत मिळून ३६ वर्षं आणि पाच राष्ट्रीय विजेतेपदं. ऑस्बोर्न २५ वर्षं कोच होते आणि एकाही वर्षी ९ पेक्षा कमी सामने जिंकले नाहीत. त्यांच्या गादीवर बसलेले सोलिच २००१ च्या मोसमात अंतिम सामन्यापर्यंत गेले, पण २००२ मध्ये ७ जिंकले नि ७ हरले. अॅथलेटिक डायरेक्टर स्टीव्ह पेडरसन यांचं म्हणणं असं की आपला संघ सुमार होऊ देणार नाही. पुढच्याच वर्षी, २००४ ला, संघ ५ जिंकला आणि ६ हरला. १९६१ नंतर पहिल्यांदाच हरण्याचं पारडं जड झालं.

माझं मत तेव्हा होतं तेच आज आहे: सोलिचना काढलं तिथेच घराचा वासा फिरला. पण मी तिथे पाचच वर्षं होतो. तुमच्यापैकी बरेच जण नंतर तिथे राहिलात, काही आजही आहात. कोच बदलला तेव्हा काय पाहिलंत, काय वाटलं, ते लिहा. खेळाचे नियम कळत नसले तरी चालेल, मलाही अजून सगळे कळत नाहीत.

*

लिंकन, २००४ पासून

काका, तुम्ही गेलात आणि मी आले! नवऱ्याची पोस्टडॉक, मी डिपेंडंट व्हिसावर घरी. शेजारी सत्तरीच्या एक बाई राहायच्या. मी त्यांना मनातल्या मनात आजीच म्हणायचे. त्यांच्याकडे साठच्या दशकापासूनची सीझन तिकिटं होती. १९६२ च्या नोव्हेंबरपासून मेमोरियल स्टेडियममधला एकही सामना 'हाउसफुल्ल' नाही असं झालेलं नाही, हे मला त्यांनी पहिल्या भेटीतच सांगितलं. आपल्याकडे कुळाचार सांगतात तसं.

नवे कोच बिल कॅलाहन प्रोफेशनल लीगमधून आले होते. आजींचा राग हरण्यावर नव्हताच. राग होता पासवर. जुना नेब्रास्का म्हणजे चेंडू काखेत घेऊन पळायचा. क्वार्टरबॅक, म्हणजे खेळी चालवणारा खेळाडू, धावता धावता शेवटच्या क्षणी ठरवणार, स्वतः घुसायचं की बाजूच्याला द्यायचा. त्याला 'ऑप्शन' म्हणतात. त्याला दांडगी, शिस्तीची पोरं लागतात, आणि ती शेतावरची पोरं स्कॉलरशिप नसताना, पदरचे पैसे घालून संघात यायची. वॉक-ऑन म्हणतात त्यांना. आजींचा पुतण्या तसाच होता. चार वर्षं सराव केला, सामन्यात मोजून अकरा वेळा मैदानात उतरला. ते अकरा खेळ त्यांना तोंडपाठ. कॅलाहनने चेंडू हवेत फेकायला सुरुवात केली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, हे आमच्या पोरांचं काम नाही, कॅलिफोर्नियाच्या पोरांचं आहे.

२००७ ला कॅन्ससने आपल्याला ७६ गुण ठोकले. ७६! त्या दिवशी मी आजींकडे वरणभात घेऊन गेले, कोणाकडे दुःख झालं की आपण नेतो तसा. त्यांनी रेडिओ बंद केलेला होता, पण खुर्ची अजून रेडिओकडेच वळलेली. चमचाभर खाल्ला आणि विचारलं, यात मीठ आहे का गं?

*

ओमाहा, २००८ ते २०१६

वरच्या दोघांच्या बोलण्यात बो पेलिनी कुठेच नाहीत म्हणून लिहितोय. सात मोसम, दर मोसमात किमान नऊ विजय. तरी २०१४ च्या थँक्सगिव्हिंगनंतर तीनच दिवसांत त्यांनाही नारळ. म्हणजे नऊच्या आकड्यावर दोनदा माणसं काढली. नंतर आले माइक रायली, स्वभावाने देवमाणूस. तीन वर्षांत १९ जिंकले, १९ हरले.

पण मी पेलिनींना काढण्याच्या बाजूचा होतो, आजही आहे. मोठ्या सामन्यात संघ कोलमडायचा. विस्कॉन्सिनविरुद्ध २०१२ ची आमच्या लीगची (बिग टेन) फायनल ७०-३१ हरलो, २०१४ ला ५९-२४. नऊ विजय कोणाविरुद्ध, हेही बघायला हवं ना? आणि साइडलाइनला कोच ज्या पद्धतीने आरडाओरडा करायचे, ते बघून माझ्या मुलाने क्लबच्या कोचकडे जायला नकार दिला होता. आठ वर्षांचा होता.

*

आयोवा सिटी

शेजारच्या राज्यातून नमस्कार. तुमचं दुःख समजतं, पण खरं सांगायचं तर मजाही वाटते.

आमचे कर्क फेरेंट्झ १९९९ ला आले. पहिल्या वर्षी १ विजय, १० पराभव. दुसऱ्या वर्षी ३ आणि ९. लिंकनमध्ये असते तर तिसरा मोसम दिसलाच नसता. आमच्याकडे थांबले, तर २००२ ला ११ जिंकले. मी १९९९ लाच इथे आलो, त्यामुळे आमची वाटचाल बरोबरीने झाली. माझे तीन जॉब बदलले, दोन घरं बदलली, माणूस तोच.

आता दुसरी बाजू. कोचनी आपल्या मुलालाच आक्रमणाचा कोऑर्डिनेटर केलं. घराणेशाही काय फक्त साखर कारखान्यात असते? गुण होईनात, बोंबाबोंब झाली, तेव्हा २०२३ ला मुलाच्या करारात अट घातली: सामन्यामागे सरासरी २५ गुण. दर शनिवारी आमचा ग्रुप सामना न बघता सरासरी काढायचा. अट पूर्ण होणार नाही हे दिसायला लागलं आणि मोसम संपायच्या आतच जाहीर झालं की चिरंजीव पुढच्या वर्षी नाहीत. धीराचे फायदे आहेत, पण धीर धरला की अशी बांडगुळंही पोसावी लागतात.

*

लिंकन, २०१७ ते २०२३

स्कॉट फ्रॉस्टवर कोणी लिहिलं नाही? मग मीच लिहिते, कारण माझं सगळं शिक्षण त्यांच्या कारकिर्दीत झालं.

गावाचा मुलगा. १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक. कोच म्हणून यूसीएफला (सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाला) एकही सामना न हरता १३ जिंकून दिलेले. डिसेंबर २०१७ ला ते आले तेव्हा ओ स्ट्रीटवरच्या दुकानांच्या काचांवर 'वेलकम होम' लिहिलं होतं. आमच्या इंडियन स्टुडंट्सच्या मंडळाला निधी हवा असायचा, म्हणून सामन्याच्या दिवशी स्टँडखालच्या स्टॉलवर आम्ही काम करायचो. रन्झा विकायचे. पावात कोबी आणि खिमा भरलेला असतो, कागदात गुंडाळून येतो. दहा मिनिटांत तेल कागदाबाहेर. माझ्यासारख्या शाकाहारीने सहा वर्षांत किती हजार विकले असतील!

पहिल्याच सामन्याला माशी शिंकली. सप्टेंबर २०१८, किकऑफ झाला आणि विजा चमकायला लागल्या. लोक तासन्‌तास थांबले आणि शेवटी सामनाच रद्द. मग सलग सहा पराभव.

स्टॉलवरून मैदान दिसत नाही. पण डोक्यावर काँक्रीट आहे आणि त्यावर नव्वद हजार पाय. टचडाऊन झाला की छत थरथरतं, गल्ल्यातली नाणी वाजतात. समोरच्या संघाचा झाला की वरून काहीच येत नाही, फक्त कोणीतरी खुर्चीवरून उठल्याचा आवाज. १० सप्टेंबर २०२२ ला जॉर्जिया सदर्न आले होते. असे छोटे संघ पैसे देऊन बोलावतात, हरवण्यासाठी. त्या रात्री नाणी खूपदा वाजली, म्हणजे आपण भरपूर गुण केले. पण मधली शांतताही तितक्याच वेळा. शेवटचं मिनिट उरलं होतं तेव्हा एक काका केचप मागायला आले. वरून आवाज येणं थांबलं. ते बाटली हातात धरून तसेच उभे राहिले. मग बाटली काउंटरवर ठेवली, केचप न घेताच गेले. ४५-४२. दुसऱ्या दिवशी रविवारी फ्रॉस्टना काढलं.

आमच्यातली अर्धी मुलं म्हणाली बरं झालं. १६ विजय, ३१ पराभव, काय वाट बघायची? मला मात्र वाईट वाटलं. घरच्याला घराबाहेर काढताना पाहायला नको होतं.

*

डॅलस (अकाउंट्सचा माणूस)

भावना ठीक, पण आकडे बघा. फ्रॉस्टच्या सुधारित करारात १ ऑक्टोबर २०२२ नंतर काढलं असतं तर दीड कोटीऐवजी ७५ लाख डॉलर द्यावे लागले असते. तीन आठवडे! तीन आठवडे कळ काढता आली नाही म्हणून ७५ लाख डॉलर. मग नवे कोच मॅट रूल यांच्याशी ८ वर्षांचा, ७ कोटी ४० लाखांचा करार.

हा पैसा देणगीदारांचा आणि तिकिटांचा, फीचा नाही, हे मला माहीत आहे. तरी चीड येते. मी दुसऱ्याच राज्यात शिकत होतो. तिथल्या विद्यापीठाने कोचला घरी बसवून पैसे मोजले त्याच वर्षी आमच्या डिपार्टमेंटमधला फोटोकॉपीचा कोटा निम्मा केला. प्रश्नपत्रिका पाठपोट छापायचो.

*

लिंकन, सध्या

धागाकर्त्यांना एक सांगायचंय. फुटबॉलसाठी एवढं रडताय, त्याच स्टेडियममध्ये ३० ऑगस्ट २०२३ ला मुलींच्या व्हॉलीबॉलला ९२,००३ लोक आले होते. मी लेकीला घेऊन गेले होते. महिलांच्या सामन्याला झालेल्या गर्दीचा तो जागतिक विक्रम मानला गेला. आणि त्या संघाचे कोच जॉन कुक २००० पासून तेच होते! २०२५ च्या सुरुवातीला स्वतःहून निवृत्त झाले. चार विजेतेपदं. त्याच गावात, त्याच लोकांनी, एका माणसाला पंचवीस वर्षं ठेवलं.

आता तुम्ही म्हणाल तो जिंकत होता म्हणून ठेवलं. हो. पण २०१८ ची आणि २०२१ ची फायनल हरले तेव्हा कोणी नारळ आणला नाही.

*

धागाकर्ता

ताई, मुद्दा बिनतोड. आणि डॅलसवाल्यांसाठी: सोलिच पुढे ओहायो विद्यापीठात गेले आणि २००५ ते २०२० तिथे राहिले. ज्या संघाने कधी बोल सामना (मोसमाच्या शेवटी निवडक संघांना मिळणारा जादा सामना) जिंकला नव्हता त्याला २०११ ला जिंकून दिला. हा हिशोब कुठल्या खात्यात टाकणार?

*

जर्सी सिटी

मी लिंकनमध्ये दोनच वर्षं होतो, पण डिसेंबर २०२४ ला न्यू यॉर्कला पिनस्ट्राइप बोल बघायला गेलो. २०१६ नंतर नेब्रास्काचा पहिलाच बोल सामना, यँकी स्टेडियममध्ये. माझ्याबरोबर लिंकनचा जुना घरमालक, खास विमानाने आलेला, लाल टोपी. २०-२ अशी आघाडी होती आणि नेहमीप्रमाणे ती वितळायला लागली. २०-९. मग २०-१५. तो खिशातून हात बाहेर काढेना. मी म्हटलं थंडी वाजतेय का? म्हणाला, नाही, हात थरथरतायत.

जिंकलो. मोसमातला सातवा विजय. तो ओक्साबोक्शी रडला, मला मिठी मारली. मी बाहेर पडता पडता विचारलं, २००३ ला नऊ जिंकले होते तेव्हा तू काय म्हणाला होतास? त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, मीच पत्र लिहिलं होतं, काढा म्हणून.